नोविट्झकीचा शॉट, बेळगावचं काँक्रीट आणि मोल्टनचे चार चेंडू

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बास्केटबॉल बहुतेक उघड्यावरच खेळला जातो. शाळा-कॉलेजच्या आवारातलं काँक्रीट, कुठे डांबर, कुठे नुसती दाबून घेतलेली तांबडी माती. लाकडी फ्लोअरचा हॉल मिळणारे खेळाडू थोडेच. त्यामुळे निकाल आधी सांगतो. रोज उघड्या कोर्टवर शूटिंग करायचं असेल तर मोल्टन कंपनीचा रबरी बीजी२००० घ्या. हॉलमध्ये मॅचेस असतील तर बीजी४५००. दोन्हीकडे एकच चेंडू चालवणं भाग असेल तर बीजी३८००. आणि कातडी बीजी५००० या भागात स्वतःच्या सरावासाठी कुणीही घेऊ नये, पैसे असले तरी.

कारणं सांगताना बास्केटबॉलपटू डर्क नोविट्झकीचं नाव पुन्हा पुन्हा येणार आहे. बोटांना चेंडू कसा लागतो यावर अख्खी कारकीर्द उभी राहिल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही, आणि आपल्याकडची मुलं त्याचा एका पायावरचा फेडअवे (मागे झुकत मारलेला शॉट) हमखास करून बघतात. शॉट त्याचा हवा असेल तर तो कशावर उभा आहे हेही बघायला पाहिजे.

नोविट्झकी १९ जून १९७८चा, जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गचा. वडील हँडबॉल खेळायचे, आई बास्केटबॉल. किशोरवयात तो होल्गर गेश्विंडनरच्या नजरेस पडला. गेश्विंडनर १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीकडून खेळलेला, गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेला माणूस. त्याने या उंच पोराला रिंगखाली रेटारेटी करायला लावलं नाही, शूटिंग शिकवलं. हाताची लांबी, चेंडू सुटण्याची उंची, चेंडूची कमान या सगळ्याचा हिशेब मांडला आणि बांबेर्गजवळच्या राटेल्सडोर्फ या गावातल्या साध्या जिममध्ये तो हिशेब त्याच्या अंगात मुरवला. १९९८च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए या अमेरिकन लीगमधली नव्या खेळाडूंची निवड) मिलवॉकीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं आणि लगेच डॅलसला देऊन टाकलं. पुढे २१ हंगाम तो त्या एकाच संघाकडून खेळला. २००७ला हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, २०११ला मायामीला ४-२ हरवून विजेतेपद आणि त्या अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू. २०१९ला थांबला तेव्हा खात्यावर ३१,५६० गुण होते आणि एनबीएच्या इतिहासात तो सहाव्या जागेवर होता. २.१३ मीटर उंचीच्या माणसाची फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या बिनअडथळा शॉटची) कारकिर्दीतली सरासरी जवळपास ८८ टक्के आहे. एवढ्या उंचीच्या खेळाडूंमध्ये हा आकडा फार दुर्मीळ.

आता त्या हिशेबातला आपल्या कामाचा भाग. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर, चेंडूचा व्यास सुमारे २४.५. चेंडू सरळ वरून पडला तर त्याला पूर्ण ४५ मिळतात, पण तिरका येणाऱ्या चेंडूला रिंग लंबगोल दिसते आणि वाट अरुंद होते. ५५ अंशांनी उतरणाऱ्या चेंडूला सुमारे ३७ सेंटिमीटरची वाट मिळते, ४५ अंशांनी जवळपास ३२ची. ३० अंशांनी आला तर २२.५च उरतात, म्हणजे चेंडू रिंगला न लागता आत जाणं शक्यच नाही. नोविट्झकीचा चेंडू उंच सुटायचा, उंच जायचा आणि मोठ्या दारातून आत यायचा. फेडअवेत एक पाय रोवून, दुसरा गुडघा पुढे उचलून तो मागे झुकायचा ते बचाव करणाऱ्यापासून अंतर काढण्यासाठी. मनगट आणि बोटांचं काम मात्र फ्री थ्रोसारखंच राहायचं.

दुसरी गोष्ट बॅकस्पिन. चेंडू तर्जनी आणि मधल्या बोटावरून सुटताना मागे फिरला पाहिजे. असा फिरणारा चेंडू रिंगवर किंवा बोर्डावर आपटला की त्याचा पुढचा वेग मरतो आणि तो मऊ पडतो, बऱ्याचदा आतच पडतो. हा बॅकस्पिन बोटं आणि चेंडूवरचे दाणे यांच्या घर्षणातून येतो. दाणे झिजलेला टकला चेंडू बोटांवरून घसरतो, कमी फिरतो आणि रिंगला लागून बाहेर उडतो. पोरगं म्हणतं माझा शॉट बिघडला, सर म्हणतात कोपर बाहेर जातंय. दोघांनी आधी चेंडू बघावा. आमच्या भागातले निम्मे शॉट झिजलेल्या आणि दगडासारख्या फुगवलेल्या चेंडूंनी बिघडवलेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

चेंडूच्या पृष्ठभागाने काय फरक पडतो याचा सगळ्यात मोठा प्रयोग खुद्द एनबीएने केला, तोही नोविट्झकीच्या सर्वोत्तम हंगामात. २००६-०७च्या सुरुवातीला कातडी चेंडू काढून स्पाल्डिंगचा कृत्रिम मायक्रोफायबरचा चेंडू आणला गेला. खेळाडूंनी तक्रारी केल्या की कोरडा असताना तो बोटं कापतो आणि घाम लागला की निसटतो. डॅलसचे मालक मार्क क्यूबन यांनी टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टनमधल्या भौतिकशास्त्रज्ञांकडून चाचण्या करून घेतल्या, त्यातही ओलाव्याचा मुद्दा पुढे आला. कातडं घाम शोषून घेतं, कृत्रिम आवरणावर तो तसाच थांबतो. शेवटी १ जानेवारी २००७पासून कातडी चेंडू परत आला. हंगामाच्या मधोमध चेंडू बदलूनही नोविट्झकीने त्या वर्षी मैदानी शॉट ५० टक्क्यांच्या वर, तीन गुणांचे ४० टक्क्यांच्या वर आणि फ्री थ्रो ९० टक्क्यांच्या वर ठेवले. शिवाय देशाकडून खेळताना त्याच्या हातात मोल्टनच असायचा, २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्येही. म्हणजे हिवाळ्यात एक चेंडू, उन्हाळ्यात दुसरा. इतक्या पक्क्या शूटरला हे जमतं. शॉट अजून बसत असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला जमत नाही, त्याला वर्षभर एकसारखा चेंडू लागतो.

आता एकेक चेंडू.

बीजी५००० हा फीबाचा (जागतिक बास्केटबॉल महासंघाचा) सर्वोच्च दर्जाचा चेंडू, खऱ्या कातड्याचा. २०२३च्या वर्ल्ड कपमध्ये हाच होता. मनिलातल्या अंतिम सामन्यात जर्मनीने सर्बियाला ८३-७७ हरवलं आणि डेनिस श्रोडरने २८ गुण केले ते याच्यावर. हातात घेतल्यावर याच्याइतका गोड चेंडू नाही. पण नवा असताना तो थोडा गुळगुळीत असतो, हॉलमध्ये खेळून खेळून मुरतो आणि मग पकड देतो. काँक्रीटवर मुरण्याआधीच त्याचे दाणे सोलून निघतात. जून ते सप्टेंबरची बेळगावची हवा याची शत्रू. कातडं ओल पितं, वजन वाढतं, वाळताना आवरण ताठ होतं, आणि दमट कपाटात ठेवला तर बुरशी धरतो. लाकडी फ्लोअर आणि स्पर्धा हाच याचा संसार.

बीजी४५०० कृत्रिम कातड्याचा, फीबाची मान्यता असलेला. संघाने एकत्र पैसे काढून मॅचसाठी घ्यायचा चेंडू तो हाच. पहिल्या दिवसापासून पकड देतो, खाचा खोल आहेत आणि बारा पाकळ्यांच्या (आवरणाच्या तुकड्यांच्या) रचनेमुळे शूटिंगसाठी बोटांना आडवी खाच पटकन सापडते. आठ पाकळ्यांच्या चेंडूवर ती शोधायला क्षणभर जास्त लागतो, आणि कॅच करून लगेच शॉट मारणाऱ्याला तो क्षण जड जातो. दोन रंगांच्या पाकळ्यांचा आणखी एक फायदा आहे. बॅकस्पिन नीट असेल तर रंगाचे पट्टे एका रेषेत मागे फिरताना दिसतात, बोट तिरकं लागलं असेल तर पट्टे लडबडतात. सर रिंगखाली उभे राहूनही मुलाची चूक ओळखू शकतात. पण हाही हॉलचाच चेंडू. ओलं असताना झाडू ओढून खरबरीत केलेल्या काँक्रीटवर रोज दोन तास आपटला तर एका मोसमात त्याचा मऊपणा जातो, आणि एकदा वरचा थर उडाला की परत येत नाही. धुळीत तर आणखी लवकर.

बीजी३८०० मधला. कृत्रिम आवरणच, पण आत-बाहेर दोन्हीकडे चालेल असं बनवलेलं. स्पर्श ४५००च्या जवळ जातो, आयुष्य जास्त. तालुका-जिल्हा पातळीवर खेळणारा, आठवड्यात दोनदा हॉल आणि बाकी दिवस काँक्रीट असा खेळाडू असेल तर एवढा एकच चेंडू पुरे. गुळगुळीत सिमेंटचं किंवा रंग दिलेलं कोर्ट असेल तर तो चांगला टिकतो. खडी वर आलेलं जुनं काँक्रीट असेल तर याच्यावरही पैसे घालू नका.

बीजी२००० रबराचा, आणि या पुनरावलोकनात त्यालाच सर्वांत जास्त गुण. आकार, वजन, पाकळ्यांची रचना मोठ्या भावंडांसारखीच, म्हणून इथे बसलेला शॉट हॉलमधल्या ४५००वर नेता येतो. उणिवाही आहेत. स्पर्श कडक आहे. काँक्रीटवर थोडा जास्त उसळतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे रबर ताठरतं आणि बोटांना लागतं, अशा वेळी पहिली दहा मिनिटं ड्रिबलिंग करून मगच शूटिंगला लागावं. सगळ्यात मोठी अडचण तांबड्या मातीची. तिची बारीक धूळ दाण्यांच्या मधल्या जागेत बसते आणि चेंडू पावडर लावल्यासारखा निसटतो. पण रबर धुता येतं, इथेच तो बाकीच्या तिघांवर मात करतो.

श्रोडरचा उल्लेख आला आहे तर ड्रिबलिंगबद्दलही. तो ब्राउनश्वाइगचा, जेमतेम १.८५ मीटरचा, २०१३च्या ड्राफ्टमध्ये सतराव्या क्रमांकावर अटलांटाकडे गेला, पुढे कितीतरी संघ बदलले, आणि देशासाठी मात्र २०२३चा वर्ल्ड कप आणि २०२५ची युरोबास्केट दोन्ही जिंकताना तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला. आपल्याकडच्या उंचीच्या मुलांनी नोविट्झकीपेक्षा त्याचा खेळ जास्त बघावा. त्याच्या खेळाला चेंडू लागतो तो दर वेळी तेवढाच उसळणारा. खडबडीत कोर्टवर उसळी तशीही वेडीवाकडी येते, त्यात चेंडूच समतोल नसेल तर क्रॉसओव्हर (एका हातातून दुसऱ्या हाताकडे चेंडू नेत चकवणं) शिकताच येत नाही. मातीच्या मैदानावर तर चेंडू मरतो, म्हणून तिथे जास्त हवा भरायची सवय लागते आणि तोच चेंडू मग काँक्रीटवर पळतो. मातीवर पासिंग, पिव्हट (एक पाय रोवून वळणं) आणि शूटिंगचा सराव करा, ड्रिबलिंग पक्क्या जमिनीवरच.

हवेबद्दल जरा सविस्तर, कारण सर्वाधिक नुकसान तिथेच होतं. चेंडूवर पिन घालायच्या भोकाजवळ दाब छापलेला असतो, बहुतेक ७ ते ९ पीएसआय. काँक्रीटवर ७ ते ७.५ ठेवा, हॉलमध्ये ८. गेज असलेला छोटा हातपंप संघाकडे असलाच पाहिजे. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने भरू नका. त्याचा दाब गाडीच्या टायरसाठी असतो, दोन सेकंदांत चेंडू मर्यादेबाहेर जातो, आतल्या ब्लॅडरवर (हवेच्या फुग्यावर) गुंडाळलेले नायलॉनचे धागे तुटतात आणि एका बाजूला टेंगूळ येतं. टेंगूळ आलेला चेंडू दुरुस्त होत नाही. नवा चेंडू हवा काढलेला आला असेल तर आधी अर्धी हवा भरून तासभर ठेवा, आवरण सावकाश ताणू द्या, मग पूर्ण भरा.

गेज नसेल तर उसळीवरून ओळखता येतं. चेंडूचा तळ जमिनीपासून १.८ मीटरवर धरून नुसता सोडा, ढकलू नका. उसळल्यावर चेंडूचा माथा १.२ ते १.४ मीटरच्या मध्ये आला पाहिजे. भिंतीवर खडूने तीन रेघा मारून ठेवल्या की रोजचं काम होतं. ही चाचणी ज्या कोर्टवर खेळणार त्याच कोर्टवर करा.

उन्हाचा हिशेबही लक्षात घ्या. सकाळी २० अंशांना ८ पीएसआय भरलेला चेंडू दुपारी उन्हात ४५ अंशांपर्यंत तापला तर दाब जवळपास १० वर जातो. अथणी-चिकोडीकडच्या एप्रिल-मेमध्ये चेंडू कोर्टच्या कडेला उन्हात पडून राहिला तर हे सहज होतं. गाडीच्या डिकीत त्याहून वाईट. सावलीत ठेवा, आणि संध्याकाळी खेळायच्या आधी दाब पुन्हा बघा. पिन घालताना कोरडी घालू नका, ग्लिसरीनचा किंवा सिलिकॉन तेलाचा एक थेंब लावा आणि सरळ रेषेत, न फिरवता ढकला. तिरकी गेलेली पिन व्हॉल्व्ह फाडते. रोज थोडी हवा सुटणारे बहुतेक चेंडू याच कारणाने गळत असतात. साबणाच्या पाण्याचा थेंब भोकावर टाकला की बुडबुडे येतात का ते दिसतं.

पावसाळ्यात खानापूरकडे उघडं कोर्ट महिनोन्महिने सुकत नाही. शेवाळ धरलेल्या काँक्रीटवर चेंडूच्या आधी गुडघा जातो, म्हणून ब्लीचिंग पावडर टाकून ताठ ब्रशने घासल्याशिवाय त्यावर उतरू नये. पाऊस थांबल्यावर ओल्या कोर्टवर खेळायचंच असेल तर फक्त रबरी चेंडू काढा. खेळून झाल्यावर कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. खाचांमधली माती आधी काढायची, मग दाणे. सावलीत, हवेशीर जागी वाळवा, चुलीजवळ किंवा उन्हात नाही. कृत्रिम आवरणाच्या चेंडूला फक्त पिळून घेतलेलं फडकं, लगेच कोरडं फडकं. कातडीला कोरडंच. पेट्रोल, थिनर, बुटाचं पॉलिश कशालाही लावू नका, दाणे चिकट होतात आणि मग धूळ दुप्पट धरतात.

विकत घेताना दुकानात तीन गोष्टी करायच्या. सात नंबरचा चेंडू ५८० ते ६२० ग्रॅम भरला पाहिजे, किराणा दुकानातला काटाही चालतो. शिंप्याच्या टेपने घेर ७५ ते ७७ सेंटिमीटर, आणि दोन वेगवेगळ्या दिशांनी मोजा. आकड्यांत ठळक फरक आला तर चेंडू गोल नाही. मग बॅकस्पिन देऊन सरळ वर उडवा. फिरताना डगमगत असेल तर एका बाजूला जड आहे, दुसरा मागा. नावाची हुबेहूब नक्कल असलेले चेंडूही बाजारात असतात. त्यांच्या खाचा रंगवलेल्या पण उथळ असतात, नखाने चाचपलं की कळतं, आणि वजन बहुतेक कमी भरतं. ऑनलाइन मागवलात तरी बिल सांभाळा आणि हवा भरण्याआधी ही तपासणी करून घ्या.

मुलींच्या संघासाठी सहा नंबर, बारा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी पाच नंबर. लहान मुलाला सात नंबर दिला की ते चेंडू खांद्यामागून फेकायला लागतं, कमान जाते, आणि ती खोड काढायला वर्षं लागतात. नोविट्झकीची उंच कमान हवी असेल तर सुरुवात हाताच्या मापाच्या चेंडूने आणि जवळून व्हायला हवी. रिंगपासून दोन पावलांवर एका हाताने, दुसरा हात फक्त टेकू म्हणून, मग हळूहळू मागे सरकत बोर्डापासून ४.६० मीटरवरच्या फ्री थ्रो रेषेपर्यंत. २०११च्या मोसमात ओक्लाहोमा सिटीविरुद्ध त्याने एका सामन्यात २४ पैकी २४ फ्री थ्रो टाकले, त्याच्या मागे हाच पाया आहे. अंतिम मालिकेच्या पहिल्याच सामन्यात त्याच्या डाव्या मधल्या बोटाचा स्नायुबंध फाटला होता. शूटिंगच्या हाताला ते बोट लागत नव्हतं, टेकूच्या हाताला लागत होतं, तरीही दुसऱ्या सामन्यातला विजयी लेअप (रिंगजवळ जाऊन टाकलेला शॉट) त्याने डाव्या हातानेच टाकला.

रिंगची उंचीही एकदा टेपने मोजा. जमिनीपासून रिंगच्या वरच्या कडेपर्यंत ३.०५ मीटर. उघड्यावरच्या रिंगा लटकून लटकून पुढे झुकतात, किंवा कोर्टवर नवा थर टाकला की उंची चार-पाच सेंटिमीटरने कमी होते. झुकलेल्या रिंगवर सपाट शॉटही आत जातो आणि मुलाला वाटतं आपलं बरोबर चाललंय. वेल्डरला बोलावून रिंग सरळ करून घेण्याचा खर्च नव्या चेंडूपेक्षा कमी येतो. बजेट मोजकं असेल तर आधी रिंग, मग बीजी२०००, मग गेजवाला पंप.